सूर्याचा सूर चढतो तो सालीत, गाभ्यात नव्हे

महोदय,

आपल्या अंकात ‘सूर्याचा गाभा बदलतोय, स्पंदने वेगावली’ अशा मथळ्याची बातमी आली. सूर्याच्या पोटातल्या कंपनांना मराठी दैनिकात एवढी जागा मिळाली याचा आनंद आहे, म्हणूनच तिच्यातल्या तीन चुका तशाच राहू नयेत असे वाटते. कंपनांच्या वारंवारतेत (सेकंदाला किती हेलकावे होतात त्यात) होणारा बदल ‘०.४ मिलिहर्ट्झ’ छापला गेला. तेथे मायक्रोहर्ट्झ हवे. बदल गाभ्यात होतो असे म्हटले. तो पृष्ठभागालगतच्या पातळ थरात होतो. आणि हे मोजमाप आदित्य-एल१ ने केल्याचा भास बातमी वाचून होतो. त्या यानावर हे मोजणारे उपकरणच नाही. मधली चूक सगळ्यांत मोठी आहे आणि ती चूक का, हे दोन ओळींत सांगता येत नाही. पत्र लांबले त्याचे कारण तेच.

आधी एककाचे. सूर्याची ठळक कंपने ३ मिलिहर्ट्झच्या, म्हणजे ३००० मायक्रोहर्ट्झच्या आसपास असतात. एक हेलकावा पुरा व्हायला पाच-साडेपाच मिनिटे लागतात. छापलेला आकडा खरा असता तर पाच मिनिटांचे कंपन साडेचार मिनिटांवर आले असते, आणि असा सूर्य ओळखूही आला नसता. प्रत्यक्षात सौरडाग, म्हणजे सूर्यावरचे काळसर चुंबकीय डाग, साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि ओसरतात; ते अगदी कमी असतात त्या किमान काळापासून ते भरात येतात त्या कमाल काळापर्यंत ही वारंवारता सुमारे ०.४ मायक्रोहर्ट्झने वाढते. हेलकाव्याच्या वेळातून जेमतेम ०.०४ सेकंद कमी होतो. गाण्यातल्या मापाने सांगायचे तर प्रमाणश्रुतीचा शंभरावा भाग. कितीही तयार कानाला तो कळायचा नाही.

कानाचा विषय निघालाच आहे म्हणून: व्हॉट्सअॅपवर ‘सूर्यातून येणारा ओंकार’ म्हणून फिरणारी ध्वनिफीत कोणी ऐकली असेल. पोकळीतून ध्वनी येत नाही आणि ३ मिलिहर्ट्झ ऐकूही येत नाही. सूर्याचा वेध घेणाऱ्या सोहो या यानावरच्या नोंदींवरून खऱ्याखुऱ्या ‘सौरध्वनी’च्या फिती बनवल्या गेल्या आहेत, पण त्यासाठी सुमारे ४० दिवसांची नोंद ४२ हजार पट वेगाने पळवावी लागली. तेव्हा कुठे ३ मिलिहर्ट्झचे १२६ हर्ट्झ होतात आणि एक घुमारा कानी येतो. त्याला ओम् म्हणायचे की तंबोऱ्याचा खर्ज, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून.

आता कंपने म्हणजे काय ते. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथे रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांना दिसले, की सूर्याचा पृष्ठभाग ठिकठिकाणी सुमारे पाच मिनिटांच्या तालात वर-खाली होतो. ही वरवरची खळबळ नसून आत कोंडलेल्या ध्वनिलहरी आहेत, हे रॉजर उलरिच यांनी १९७० मध्ये आणि त्यापाठोपाठ लायबाखर व स्टाइन यांनी मांडले. १९७५ मध्ये फ्रान्झ-लुडविग डॉयबनर यांच्या निरीक्षणांत त्याचा ठसा स्पष्ट दिसला. पृष्ठभागाजवळ उकळणारा वायू सतत आवाज निर्माण करतो. त्यातल्या ज्या लहरी सूर्याच्या आकारात नेमक्या बसतात त्या टिकतात, बाकीच्या विरतात. टिकणाऱ्या प्रत्येक कंपनप्रकाराला मोड म्हणतात.

प्रत्येक मोडला दोन भिंती असतात आणि सगळा निकाल त्यांवर लागतो. खालची भिंत तापमानामुळे उभी राहते. खोल जावे तसा ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे तिरकी निघालेली लहर वाकत वाकत पुन्हा वर वळते. पृष्ठभागावर मोठमोठे पट्टे उठवणारी लहर खोलवर, थेट गाभ्यापर्यंत जाते. बारीक नक्षी उठवणारी लवकर परतते. या नक्षीचा क्रमांक ‘एल’ या अक्षराने सांगतात: एल शून्य म्हणजे सगळा सूर्य एकदमच फुगतो-आक्रसतो, एल शंभर म्हणजे बारीक जाळी. वरची भिंत घनता झपाट्याने घसरते तिथे असते, आणि ती एलवर नाही, वारंवारतेवर ठरते. कमी वारंवारतेची लहर पृष्ठभागाच्या बरीच खालून परत फिरते, जास्त वारंवारतेची अगदी काठापर्यंत येते. साधारण ५.३ मिलिहर्ट्झच्या वर तर वरची भिंतच उरत नाही. लहर वातावरणात निसटते.

हे ध्यानात घेतले की बदल कुठे होतो याचा माग घरबसल्या काढता येतो. बदल गाभ्यात असता तर गाभ्यातून जाणाऱ्या, लहान एलच्या सगळ्याच मोडमध्ये तो दिसला असता, त्यांची वारंवारता कितीही कमी असो. आणि एल शंभरच्या मोडला त्याची गंधवार्ताही नसती. निरीक्षण याच्या अगदी उलटे आहे. २ मिलिहर्ट्झच्या खालच्या मोडमध्ये बदल जवळजवळ शून्य. वर जावे तसा तो झपाट्याने वाढतो. आणि एल मोठा असलेल्या, म्हणजे वरच्या वर फिरणाऱ्या मोडमध्ये तो कमी होत नाही, उलट जास्त भरतो. प्रत्येक मोडमध्ये किती वस्तुमान हलते (मोडची जडता) त्याचा हिशेब करून त्याने गुणले की एलवरचे हे अवलंबित्व जवळजवळ नाहीसे होते, फक्त वारंवारतेवरचे उरते. केन लिब्रेख्ट आणि मार्टिन वुडार्ड यांनी बिग बेअर वेधशाळेच्या १९८६ आणि १९८८ च्या नोंदी ताडून हे १९९० मध्ये दाखवले. अर्थ एकच निघतो: बिघाड म्हणा, फेरफार म्हणा, तो वरच्या भिंतीशी आहे, ६ लाख ९६ हजार किलोमीटर त्रिज्येच्या सूर्याच्या वरच्या काही शे किलोमीटरमध्ये.

तंबोरा लावणाऱ्याला हे लगेच पटेल. खुंटी पिळली की तारेचा सूर बदलतो. घोडीखालचा मणी सरकवला तरी बदलतो, पण केसभर. सूर्याच्या चक्रात खुंटीला कोणी हात लावत नाही. सरकतो तो मणी. चुंबकीय क्षेत्राने पृष्ठभागालगतचा थर ताठरतो, त्याचे तापमान आणि रचना किंचित बदलते, वरची भिंत जराशी सरकते. यात चुंबकीय बलाचा थेट वाटा किती आणि रचनेतल्या बदलाचा किती, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. जागेबद्दल मात्र वाद नाही.

हा बदल पहिल्यांदा सापडला तो योगायोगाने, आणि तो किस्सा बातमीत असायला हवा होता. फेब्रुवारी १९८० मध्ये सोडलेल्या ‘सोलर मॅक्सिमम मिशन’ या उपग्रहावर सूर्याचे एकूण तेज मोजणारे ॲक्रिम नावाचे उपकरण होते. कंपनांसाठी ते बनवलेलेच नव्हते. पण तेजातले दहालाखांश भागांचे चढउतारही त्यात टिपले जात, आणि मोड दिसत. त्याच वर्षाच्या अखेरीस उपग्रहाची रोख धरणारी यंत्रणा बिघडली. उपग्रह गिरकी घेऊ लागला, नोंदींचा दर्जा घसरला. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर या अवकाशयानाच्या अंतराळवीरांनी कक्षेतच त्याची दुरुस्ती केली. त्यामुळे उत्तम नोंदींचे दोन तुकडे हाती आले: एक १९८० चा, सौरडाग भरात असतानाचा, दुसरा १९८४ चा, ते ओसरत असतानाचा. वुडार्ड आणि रॉबर्ट नॉइस यांनी दोन्ही ताडून १९८५ मध्ये सांगितले की वारंवारता सुमारे दहा हजारात एक भाग उतरली आहे. उपग्रह बिघडला नसता तर कदाचित हा फरक सलग नोंदीत हळूहळू विरघळून गेला असता आणि कोणाच्या डोळ्यांत भरायला आणखी काही वर्षे लागली असती. हा आमचा तर्क.

बातमीत ‘स्पंदने वेगावली’ म्हणताना ती ‘तीव्र झाली’ असेही लिहिले आहे. ते उलटे आहे. सौरडाग वाढतात तेव्हा सूर चढतो आणि आवाज उतरतो. लहान एलच्या मोडची शक्ती कमाल काळात साधारण एक-पंचमांशाने घटते आणि वर्णपटातल्या (कोणत्या वारंवारतेला किती शक्ती हे दाखवणाऱ्या आलेखातल्या) शिखराची रुंदी साधारण पाव हिश्श्याने वाढते. रुंदी वाढणे म्हणजे कंपन लवकर विझणे. ढोबळपणे ३ मिलिहर्ट्झच्या मोडची रुंदी १ मायक्रोहर्ट्झ असते, म्हणजे तो साडेतीन-पावणेचार दिवसांत विरतो. कमाल काळात त्याहून लवकर. उकळता वायू मोडना जी ऊर्जा पुरवतो ती चक्रभर जवळजवळ तेवढीच राहते, खर्चाची बाजू वाढते. सौरडाग त्यांच्यावर येणाऱ्या ध्वनिलहरींची निम्म्यापर्यंत शक्ती गिळू शकतात, हे ब्राउन, ड्युव्हॉल आणि लाबाँट यांनी १९८० च्या दशकातच दाखवले होते. तबल्याच्या पुडीवर ओला फडका ठेवावा, तसे काहीसे.

आता मोजमाप, कारण आकडा इतका लहान असला की तो चुकीच्या पद्धतीतूनही सहज निपजतो. एकट्या मोडचा वेग सेकंदाला १५-२० सेंटिमीटर. तो डॉप्लर परिणामाने (जवळ येणाऱ्या वा दूर जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते, त्यावरून) मोजायचा, तर सूर्यप्रकाशातल्या ६७६.८ नॅनोमीटरच्या निकेल रेषेत सरक होते ती एका नॅनोमीटरच्या वीस ते तीस लाखाव्या भागाची. त्याच वेळी पृथ्वीच्या फिरण्यामुळे वेधशाळा स्वतः सूर्याकडे सकाळी आणि सूर्यापासून दूर संध्याकाळी सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेगाने जात असते. हे वजा करता येते, कारण ते नेमके माहीत असते. माहीत नसलेल्या गोष्टी जास्त छळतात: उपकरणाच्या गाळणीचे तापमान, ढगाचा विरळ पडदा, दुर्बिणीच्या काचेवरची धूळ.

घड्याळाची गोष्ट तर कोणाच्या लक्षातच येत नाही. नोंदीचे घड्याळ दिवसाला फक्त १० सेकंद मागे पडत असेल तर ३ मिलिहर्ट्झची वारंवारता ०.३५ मायक्रोहर्ट्झने जास्त निघते, म्हणजे जवळजवळ सबंध सौरचक्राइतकी. फरक ओळखायचा कसा? घड्याळाची चूक सर्व वारंवारतांना एकाच प्रमाणात ओढते, २ मिलिहर्ट्झलाही आणि ४ लाही. सूर्याचा बदल २ च्या खाली नसतो. म्हणून बदलाचा आलेख नेहमी वारंवारतेसमोर काढून पाहावा. नुसती सरासरी पाहणारा फसतो. आजची केंद्रे जीपीएसच्या वेळेवर चालतात, ते उगाच नाही.

दुसरा शत्रू म्हणजे रात्र. एकाच ठिकाणाहून पाहिले तर नोंदीत रोज एक खिंडार पडते आणि वर्णपटात प्रत्येक खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना ११.५७ मायक्रोहर्ट्झवर (एका दिवसाची वारंवारता) खोटी शिखरे उगवतात. दुर्दैव असे, की एल शून्य आणि एल दोन या जोडीतले खरे अंतरही ९-१० मायक्रोहर्ट्झच आहे. खोटे शिखर खऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसते आणि जुळणी चुकते. उपाय दोनच: अवकाशात जा, किंवा पृथ्वीभोवती वेधशाळांची माळ ओवा. बर्मिंगहॅम विद्यापीठाची बायसन ही माळ पोटॅशियमच्या वाफेतून ७७० नॅनोमीटरला सबंध सूर्य एकच ठिपका म्हणून पाहते. तिच्या नोंदी १९७० च्या दशकापासूनच्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय सौर वेधशाळेची गाँग ही माळ ऑक्टोबर १९९५ पासून चालू आहे आणि ती सूर्याची प्रतिमा दर मिनिटाला घेते. तिची सहा ठिकाणे: बिग बेअर, हवाईचा माउना लोआ, ऑस्ट्रेलियातील लिअरमंथ, आपले उदयपूर, कॅनरी बेटांवरचे तेइदे आणि चिलीतील सेरो तोलोलो.

उदयपूरचे महत्त्व नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. लिअरमंथ आणि तेइदे यांच्यात १३० अंश रेखांशांचे, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तासांचे अंतर आहे. उदयपूर नसेल तर लिअरमंथचा मावळता आणि तेइदेचा उगवता सूर्य एवढाच दुवा उरतो; दोन्हीकडे सूर्य क्षितिजालगत, हवा थरथरती, आणि एकीकडे ढग आले की दुवाच तुटला. गंमत म्हणजे उदयपूर आणि पुणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे पुण्यात ऊन डोक्यावर असते तेव्हाच सूर्याची ही पाळी उदयपूरकडे असते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मोसमी ढग आपला वाटा घेतातच आणि त्या दिवसांत नोंदीची भर कमी होते. ज्यांना आकड्यांत वर्षातून एकदा येणारे बारीक वळण दिसते त्यांनी सूर्याला दोष देण्याआधी भारतीय पावसाळ्याचा विचार करावा.

हे सारे महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही करून पाहता येते, कारण गाँगची वारंवारता-कोष्टके सर्वांसाठी खुली आहेत. फक्त पायऱ्या नीट पाळायला हव्यात. गाँगचा ‘महिना’ ३६ दिवसांचा असतो आणि एक कोष्टक अशा तीन महिन्यांच्या, १०८ दिवसांच्या नोंदीवरून बनते. त्यात प्रत्येक मोडची मध्य वारंवारता आणि तिची अनिश्चितता दिलेली असते. पहिली पायरी: जे मोड सर्वच्या सर्व कोष्टकांत आहेत तेवढेच ठेवा. येथेच बहुतेकांचे चुकते. कमाल काळात मोड क्षीण होतात, काही जुळणीतून गळतात. गळालेले धरून सरासरी काढली तर मोडची यादी बदलल्यामुळेच सरासरी हलते आणि आपण तिला सूर्याचा बदल समजतो. दुसरी पायरी: किमान काळातले एक कोष्टक (२००८ किंवा २०१९ च्या अखेरचे) किंवा साऱ्या काळाची सरासरी आधार धरून प्रत्येक मोडची वजाबाकी करा. मूळ वारंवारतांची सरासरी काढून मग वजाबाकी करू नका. तिसरी: २५०० ते ३५०० मायक्रोहर्ट्झचा पट्टा घ्या, प्रत्येक फरकाला जडतेच्या गुणोत्तराने गुणा, अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन द्या, आणि मग एक आकडा काढा. एका वर्षाच्या नोंदीत लहान एलच्या एकेका मोडची अनिश्चितता बरी असली तरी ०.०५ ते ०.१ मायक्रोहर्ट्झ असते. पंचवीसेक मोड एकत्र केले तर ती पाचव्या भागावर येते आणि ०.४ चा बदल निःशंक दिसतो. रुंदी १ मायक्रोहर्ट्झ असलेल्या शिखराची ०.४ ने झालेली हालचाल ओळखू येते ती या बेरजेच्या बळावर.

हा आकडा सूर्याच्या चक्राशी ताडायचा तर सौरडागांपेक्षा सूर्याकडून येणाऱ्या १०.७ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचे मोजमाप चांगले. कॅनडात ते १९४७ पासून अखंड चालू आहे. त्यात दोन रकाने असतात, ‘निरीक्षित’ आणि ‘समायोजित’. समायोजितच घ्यावा. पृथ्वी जानेवारीत सूर्याजवळ आणि जुलैत दूर असते, त्यामुळे निरीक्षित आकडा वर्षभरात वर-खाली तीन टक्क्यांहून थोडा अधिक झुलतो. सूर्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिवाय एका दिवसाचा नव्हे, त्याच १०८ दिवसांचा सरासरी आकडा हवा. आणि एक शेवटचा खड्डा: लागोपाठची दोन कोष्टके दोन-तृतीयांश नोंद वाटून घेतात. त्यांना स्वतंत्र बिंदू मानून सहसंबंध काढला तर तो फुगीर दिसतो. दर तिसरे कोष्टक घ्यावे. एवढे करूनही सहसंबंध इतका घट्ट येतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटते.

मग सूर्याच्या खोल भागात काहीच बदलत नाही का? काही बदलते, पण ते वारंवारतेच्या सरासरी बदलात दिसत नाही. सूर्याच्या फिरण्यामुळे प्रत्येक मोडची बारीक बारीक फाळणी होते आणि तीतून आतला फिरण्याचा वेग काढता येतो. विषुववृत्ताला समांतर असे थोडे वेगवान आणि थोडे मंद पट्टे असतात, फरक सेकंदाला काही मीटरचा, आणि चक्राबरोबर ते सरकतात. हॉवर्ड आणि लाबाँट यांनी ते १९८० मध्ये पृष्ठभागावर पाहिले होते. कंपनांनी ते बरेच खोलवर असल्याचे दाखवले. या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एच. एम. अंतिया, तेथेच संशोधनात पाऊल टाकलेल्या सर्बाणी बसू आणि दिवंगत शशिकुमार चित्रे यांनी गाँगच्या नोंदींवरून हे पट्टे वर्षानुवर्षे तपासले. २००० मध्ये रेचल हाउ आणि सहकाऱ्यांनी अभिसरण विभागाच्या (वायू उकळत वर-खाली होतो त्या बाहेरच्या थराच्या) तळाशी, पृष्ठभागापासून सुमारे दोन लाख किलोमीटर खाली, फिरण्याच्या वेगात १.३ वर्षांचा झोका दिसल्याचे जाहीर केले. अंतिया आणि बसू यांना त्याच काळाच्या नोंदींत तो पद्धतशीर बदल म्हणून सापडला नाही. पुढे २००१ नंतर तो झोका मूळ मांडणी करणाऱ्यांच्या विश्लेषणातूनही ओसरला. ‘गाभा बदलतोय’ असे लिहिणाऱ्याने हा प्रसंग आठवावा. अभिसरण विभागाचा तळ तर गाभ्याच्या कितीतरी वर आहे.

वारंवारतांमध्ये ११ वर्षांच्या लाटेवर स्वार झालेली सुमारे दोन वर्षांची एक लहान लाटही आढळते. आणि २०१२ मध्ये बसू, ॲन-मरी ब्रूमहॉल, चॅप्लिन व एल्सवर्थ यांनी बायसनच्या नोंदींतून आणखी लक्षवेधी गोष्ट काढली. वारंवारतेचे तीन पट्टे वेगळे करून पाहिले तर बाविसाव्या सौरचक्रात सर्वांत खालच्या पट्ट्यातही थोडा बदल होता, तेविसाव्यात तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे चुंबकीय थर पातळ झाला, वरवर राहिला. त्या चक्राअखेर २००८ मध्ये २६६ दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. या विषयात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच निरीक्षण, कारण पृष्ठभागावरचा आकडा जे सांगत नाही ते ते सांगते.

त्यावरून भाकिते करण्याची घाई मात्र नको. सरासरी वारंवारता ही पृष्ठभागावरच्या क्षेत्राची सावली आहे. ती त्याच्या पुढे चालत नाही. पंचविसाव्या चक्रासाठी तज्ज्ञांच्या मंडळाने २०१९ मध्ये ११५ सौरडाग-अंकाचे शिखर आणि जुलै २०२५ हा महिना सांगितला होता. प्रत्यक्ष शिखर ऑक्टोबर २०२४ मध्ये आले आणि सरळ १६१ च्या घरात गेले. बातमीतले ‘सूर्य तापत असल्याने’ हे शब्दही वगळावेत. चक्रभरात सूर्याच्या एकूण तेजातला फरक हजारात एक भागाचा असतो.

उपयोग विचाराल तर एक हातातला आहे. सूर्याच्या पलीकडच्या बाजूला मोठा डागसमूह असला की त्याच्यावरून परतणाऱ्या लहरी काही सेकंद लवकर पोहोचतात. चार्ल्स लिंडसे आणि डग्लस ब्राउन यांनी २००० मध्ये यावरून न दिसणाऱ्या बाजूचा नकाशा काढून दाखवला, आणि आज गाँगच्या नोंदींवरून तो नित्य निघतो. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्ले येथे आकाश तांबडे झाले ते १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहाच्या उद्रेकांमुळे. असा समूह पलीकडे गेला तरी परत येताना तो किती जोरात आहे याचा अंदाज या नकाशांवरून आधीच बांधता येतो. उपग्रह चालवणाऱ्यांना त्याची गरज असते. लहानसहान समूह यात दिसत नाहीत, आणि दिसले असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता आदित्य-एल१. २ सप्टेंबर २०२३ ला उडालेले आणि ६ जानेवारी २०२४ ला नियोजित कक्षेत स्थिरावलेले हे यान अभिमानाचे आहे, आणि त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली, हे तर महाराष्ट्राने विसरूच नये. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये पृष्ठभाग आणि त्यावरचा थर पाहते. व्हेल्क ही दुसरी दुर्बीण प्रभामंडळ, म्हणजे सूर्याभोवतीचे विरळ वातावरण, पाहते. यानावरचा चुंबकमापी यानाच्या जागेचे क्षेत्र मोजतो, सूर्याच्या आतले नव्हे. संपूर्ण सूर्यबिंबाचा डॉप्लर नकाशा घेणारे उपकरण तेथे नाही. ते काम २०१० मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या एसडीओ यानावरील एचएमआय हे उपकरण आणि जमिनीवरची गाँग ही माळ करतात; १९९५ मध्ये सोडलेल्या सोहोवरचे तसे उपकरण २०११ पर्यंत चालले.

राहता राहिले बातमीसोबतचे चित्र. निम्मा निळा, निम्मा तांबडा सूर्य दाखवून खाली ‘थंड व तप्त भाग’ असे लिहिले आहे. तो डॉप्लर नकाशा आहे आणि त्यातला ठळक रंगभेद सूर्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा आहे, विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे दोन किलोमीटरचा. कंपने आहेत ती त्यावरची बारीक खरखर. फिरणे वजा केल्यावरच ती नीट दिसतात. ‘थंड’ आणि ‘तप्त’ काढून ‘आपल्याकडे येणारा’ आणि ‘आपल्यापासून दूर जाणारा’ एवढे घातले तरी ते चित्र बरोबर होईल.

आपले,
सौरभौतिकीचे दोन अभ्यासक